भुईकाट्याचे कागद

कागद मागितले की देत नाहीत, आणि फारच मागे लागलं की इतके देतात की माणसानं त्यातच गाडून घ्यावं. वकिलीतली ही दुसरी युक्ती मी ऐकून होते; तिचा अनुभव लातूरच्या कामगार न्यायालयात आला. कारखान्याच्या वकिलांनी एक काळी हार्ड डिस्क माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळं मागितलं होतं ना? घ्या सगळं. आता निवांत वाचत बसा." मागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मीही हसले, कारण त्या घडीला दुसरं काही सुचलं नाही. बाहेर आले तेव्हा मात्र डोकं असं तापलं होतं, की टपरीवर सांगितलेला चहा तसाच सोडून मी बसस्टँड गाठला आणि अहमदपूर येईपर्यंत शेजारच्या बाईशी एक शब्द बोलले नाही.

मी नांदेडला वकिली करते. लातूरची ही केस माझ्याकडे आली, कारण लातुरात ज्या वकिलाकडे जावं त्याची कारखान्याशी कुठून ना कुठून सोयरीक निघायची. माझी पक्षकार लातूरजवळच्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात भुईकाट्यावर कामाला होती. भुईकाटा म्हणजे अख्खा ट्रक ज्याच्यावर उभा करून तोलतात तो लोखंडी काटा. भरलेली गाडी काट्यावर चढते, खोलीतल्या संगणकावर वजन उमटतं. माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येते, पुन्हा वजन. मधला फरक तो माल. पावती छापायची, सही करायची, गाडी सोडायची. हे काम तिनं कित्येक हंगाम केलं. मग एके दिवशी तिला घरी बसवलं. आरोप असा, की एका व्यापाऱ्याच्या गाड्यांना तिनं काट्यावर वजन वाढवून दिलं, जो माल आलाच नाही त्याच्याही पावत्या फाडल्या. पुरावा म्हणून तिच्या लॉगिनवरून निघालेल्या पावत्यांचा गठ्ठा.

"लॉगिन माझं हाय, पण पासवर्ड समद्यालाच ठाव व्हता," ती म्हणाली. "मी जेवायला गेले तर गाड्या थांबतेत का? कोणीबी बसायचं काट्यावर."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडच्या निम्म्या कचेऱ्यांत पासवर्ड संगणकाच्या कडेलाच चिटकवलेला असतो.

कागद चाळल्यावर मी खूश झाले. कारखान्यानं तिची जी चौकशी केली होती ती नुसती नावाची. तिला ना पावत्या दाखवल्या, ना साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले. अशी चौकशी कोर्ट रद्द करतं, आणि चौकशी रद्द झाली की बहुतेक कारखाने तडजोडीला येतात. मी तिला हे समजावून सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं असेल. दोन-चार तारखांत तू परत कामावर, असंही म्हणाले.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, मंग चोरीचं काय?"

"कसली चोरी?"

"माझ्या नावावर हाय ती."

मी म्हटलं, ती आपोआप जाईल. तिला ते पटलं नाही. "चौकशी चुकली म्हणून परत घेतलं, असंच म्हणतेल लोकं. केलं तर व्हतंच हिनं, वकिलानं सोडवलं. मला तसं सुटायचं न्हाई."

मी थोडी चिडले. लोकांना नोकरी परत मिळवून द्यायला आम्ही जिवाचं रान करतो, आणि ही बाई ताटातली पोळी बाजूला सारून म्हणते, आधी पीठ कुठल्या गिरणीचं ते सांगा. पण तिनं पुढं जे सांगितलं त्यानंतर मला चिडता येईना. तिचे सासरे कंधारच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा माणूस. शेतकरी आणि आडत्या, दोघांचा भरवसा असेल तरच त्याच्या हातात काटा राहतो. उभा जन्म त्यांनी तेच केलं. सुनेची बातमी कंधारला पोचली त्या आठवड्यात मोंढ्यात कुणीतरी हसत हसत म्हणालं, आता सासऱ्यापेक्षा सून हुशार निघाली. ते तसेच उठून घरी आले, आणि तेव्हापासून मोंढ्याकडे फिरकले नाहीत.

"मामा भांडले असते तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "एक शबूद काढला न्हाई तोंडातून. सणाला गेलो तरी पोरांशी बोलतेत, माझ्याकडं पाहत न्हाईत."

तिला कोर्टाच्या कागदावर एकच वाक्य हवं होतं: हिनं काट्यावर लबाडी केली नाही. नोकरी त्याच्या नंतर. मी म्हटलं, ठीक. मग आपण चौकशीच्या चुकीवर थांबायचं नाही, पावत्याच खोट्या पाडायच्या. त्यासाठी कारखान्याचे सगळे कागद मागवायचे. कोर्टानं आमचा अर्ज मंजूर केला आणि ती काळी हार्ड डिस्क आली.

डिस्क उघडली तर आत उकिरडा होता. काट्याच्या पावत्या, गेट पास, ईमेल, एकाच ईमेलच्या दहा-दहा प्रती, कॅन्टीनचा आठवड्याचा मेनू, कुणाच्या तरी मुलाचा दहावीचा निकाल, स्कॅन केलेली उलटी-पालटी पानं, ज्यांच्या नावावरून आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळू नये अशा फाइली. छापायचं म्हटलं असतं तर माझं ऑफिस भरून जिन्यावर कागद आले असते. त्यात पक्षकारानं आपल्या मोबाइलमधून काढून दिलेला कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा सगळा साठा वेगळाच. काट्यावरचे, गेटवरचे, गोदामातले सगळे त्या ग्रुपवर होते, खुद्द मॅनेजरसुद्धा.

ई-डिस्कव्हरी, म्हणजे संगणकातल्या कागदांच्या ढिगातून पुरावा शोधणं, हा शब्द मी वकिलांच्या एका ऑनलाइन व्याख्यानात ऐकला होता. तेव्हा वाटलं होतं, ही मुंबईच्या काचेच्या इमारतींतली थेरं. आता गरज पडली तशी मीच शोधायला लागले. पुण्याच्या एका कंपनीनं महिनाभर वापरून बघायला सॉफ्टवेअर दिलं. काम सांगायला सोपं: सगळे कागद त्यात ओतायचे. ते प्रत्येक पान वाचतं, चित्रातली अक्षरंही वाचतं, एकसारख्या प्रती एका जागी बांधतं, ईमेलची उत्तरं-प्रत्युत्तरं एका माळेत ओवतं आणि सगळं तारखेप्रमाणे लावून देतं. मग आपण एकेका कागदावर खूण करायची, कामाचा की बिनकामाचा. ओतायलाच आठवडा गेला. अर्धं झालं की लाइट जायची, इंटरनेट रुसायचं. मी इन्व्हर्टर लावला, मोबाइलचं नेट जोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेजारच्या चेंबरमधले ज्येष्ठ वकील दारातून डोकावून विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं यंत्र? निकाल देतंय का?" मी म्हणायचे, देईल तेव्हा पेढे तुम्हीच आणा.

खरं सांगायचं तर पहिले दिवस निराशेचे होते. हातानं लिहिलेलं मराठी त्याला वाचता येईना. गेटवरच्या माणसाचं अक्षर मलाही वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी त्याला फार दोष दिला नाही. व्हॉइस मेसेज तर त्याला मुळीच उमगले नाहीत; ते मी कानात घालून एकेक ऐकले. स्वयंपाक करताना ऐकले, बसमध्ये ऐकले. घरचे म्हणायला लागले, तुझ्यापेक्षा त्या कारखान्याच्या हमालांचे आवाज आम्हाला जास्त ओळखीचे झालेत.

पुण्याच्या कंपनीनं शिकवायला एक जण दिला होता. व्हिडिओ कॉलवर येऊन तो मला फार गोड बोलून शिकवायचा. व्हॉट्सअॅपचा साठा पाहून तो म्हणाला, "मॅडम, यात निम्म्याच्या वर शुभेच्छा आहेत. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, देवांचे फोटो. हे सगळं एका झटक्यात असंबद्ध म्हणून बाजूला काढा. आम्ही सगळीकडे तेच करतो. तुमचं काम निम्म्यावर येईल."

मी म्हटलं, "नाही काढायचं."

"पण मॅडम, त्यात पुरावा कसा असेल?"

"तुमच्याकडे माणूस शुभेच्छा देऊन गप्प बसत असेल. आमच्याकडे सुप्रभातच्या गुलाबाखालीच लिहिलेलं असतं, दोन गाड्या उभ्या हायेत, काटा चालू करा. गुलाब फेकला तर गाड्याही जातील."

तो हसला, मला वाटतं वैतागून. "ठीक आहे, तुमचा निर्णय," म्हणाला. मला त्या 'तुमचा निर्णय'चा राग आला आणि त्या रागानं मी आणखी हट्टाला पेटले. एकही फोटो बाजूला काढायचा नाही, सगळे बघायचे, असं ठरवून टाकलं.

मध्यंतरी एकदा वाटलं, जिंकलो. सॉफ्टवेअरनं दाखवलं, की वादातल्या पावत्यांच्या फाइली काट्यावर ज्या दिवशी निघाल्या म्हणतात त्या दिवशी बनलेल्याच नाहीत; सगळ्या एकाच दुपारी बनल्या आहेत, तीही तिला घरी बसवल्यानंतरच्या. मी धावत अर्ज केला. कारखान्याच्या वकिलांनी शांतपणे उत्तर दिलं, की जुना संगणक बिघडला म्हणून फाइली नव्या संगणकावर घेतल्या, आणि दिसते ती तारीख उतरवून घेतल्याची. मी जुना संगणक मागितला. तो भंगारात गेला म्हणाले. मी पुण्याला फोन केला. तो गोड बोलणारा म्हणाला, हो मॅडम, कॉपी केली की असं होऊ शकतं. म्हणजे तेही खोटं म्हणता येईना. हातातोंडाशी आलेला घास गेला. पक्षकाराला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "शोधा मॅडम. मीबी शोधते." ती काय शोधणार होती कोण जाणे, पण तेवढ्यानं मला धीर आला.

मग मी एक केलं. वादातल्या पावत्या आणि ग्रुपवरचे मेसेज, दोन्ही एकाच काळरेषेवर मांडले. आडव्या रेषेवर तारखा, प्रत्येक तारखेवर त्या दिवशीच्या कागदांचा उभा ढीग. पावत्या लाल, मेसेज निळे. रोजचे ढीग साधारण सारखे. वादातल्या हंगामाच्या ऑक्टोबरात मात्र एक निळा ढीग बाकीच्यांच्या डोक्यावरून गेला होता, आणि त्याच तारखेवर खाली एक लाल ठिपका होता, वादातली एक पावती.

मी तो ढीग उघडला. झेंडूची फुलं, देवीचे फोटो, "खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा", तोच फोटो पुन्हा पुन्हा. पुण्याच्या माणसानं एका झटक्यात फेकला असता तो हाच ढीग. खाली जात जात मी त्या ग्रुपवर टाकलेल्या कारखान्याच्या फोटोंवर आले. भुईकाटा धुऊन काढलेला, त्यावर रांगोळी, काट्याच्या खोलीच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, संगणकाला हळदकुंकू. मॅनेजर काट्यासमोर नारळ फोडताना. आणि काट्याच्या दोन्ही तोंडांना दोरीला झेंडूच्या माळा बांधून आडव्या लावलेल्या, म्हणजे वर गाडी चढायला वाटच नाही.

मी खुर्चीतून उठले. माझ्या वडिलांचं लातूरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. आम्ही शिवाचे भक्त, घरात सणवार कमी नव्हते, पण खंडेनवमीला दुकानात जे व्हायचं ते दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नसे. तराजू उतरवून ठेवायचे, मापं चिंचेनं घासून चकचकीत करायची, पाटावर मांडून पूजा करायची. एकदा पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुन्हा हात जोडेपर्यंत तराजूला हात लावायचा नाही. ऐन सुगी असली तरी नाही. कुणी दारात माल घेऊन आला तर वडील म्हणायचे, उतरवून ठेव, आज काटा बसलाय. ज्याच्या जिवावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस तरी बसू द्यावं, एवढंच त्यामागं होतं.

लाल ठिपक्याची पावती मी उघडून ठेवली. तारीख तीच. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, खाली पक्षकाराचं लॉगिन. मी ती पावती आधी कितीदा पाहिली होती, विचारूच नका. तिनंही पाहिली होती. पण आकड्यातली ऑक्टोबरची तारीख पाहून ती खंडेनवमी आहे हे कुणाच्या लक्षात येणार? आमचे सण तिथीनं येतात, दर वर्षी इंग्रजी तारीख बदलते. पगार, तारखा, पावत्या आम्ही एका पंचांगानं चालवतो, आणि पूजा दुसऱ्या. ज्यानं ती पावती नंतर बसून बनवली त्यानं हंगामातली कोणतीही एक तारीख उचलली असणार. त्यानं त्या वर्षी स्वतः काट्याला फूल वाहिलं असेल, शुभेच्छाही पाठवल्या असतील. तरी तारीख टाइप करताना त्याला त्या दिवसाची आठवण आली नाही.

मी पक्षकाराला फोन केला. पावतीचं काही न सांगता विचारलं, "गेल्याच्या गेल्या खंडेनवमीला तू कुठे होतीस?"

"गावाकडं. काटा बंद असतो ना मॅडम त्या दिवशी. का वो?"

"कारण त्या दिवशी तू काट्यावर बसून गाडी तोललीस असं कारखाना म्हणतोय."

ती म्हणाली, "काटा बसलेला असताना?" चोरीचा आरोप तिनं इतके दिवस सोसला होता, पण काटा बसलेला असताना आपण तो चालवला असं कुणी म्हणावं, याचा तिला भयंकर राग आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी चढ्या आवाजात बोलली, आणि मला ते फार आवडलं.

आता घाई करायची नव्हती. फोटो दाखवले तर ते म्हणणार, पूजा झाली आणि दुपारी काटा चालू केला, हंगाम होता. म्हणून मी आधी इलेक्ट्रॉनिक पुराव्याची तयारी पक्की केली. मोबाइल कुणाचा, त्यातून साठा कुणी आणि कसा काढला, त्याचं प्रमाणपत्र. आणि प्रत्येक फोटोचा हॅश, म्हणजे फाइलीत एक ठिपका बदलला तरी बदलणारा तो आकडा. ओरिजिनल मोबाइल तिनं पदराखाली धरून कोर्टात आणायचा, असं ठरलं. बाकी कुणाला काही बोलले नाही. शेजारच्या ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, तर म्हटलं, यंत्र अजून विचार करतंय.

मॅनेजरच्या साक्षीच्या आधी कारखान्याच्या वकिलांनी मला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. आवाज मऊ. "कशाला लांबवायचं मॅडम? तिनं राजीनामा द्यावा, आम्ही चांगल्या वर्तनाचं पत्र देतो. नवी नोकरी लागेल तिला. दोघांचं नाक राहील." वकील म्हणून मला ते तिला सांगणं भागच होतं. सांगितलं, आणि हेही सांगितलं, की हरलो तर काहीच हाती राहणार नाही. पूजेच्या फोटोवर कोर्ट किती भरवसा ठेवील मला माहीत नाही. तिनं सगळं ऐकलं.

"पत्रात चोरी केली न्हाई असं लिव्हतेत का?"

"ते लिहिणार नाहीत."

"मंग नगं."

तिचा नवरा बाजूला उभा होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती म्हणते तसं, मॅडम." मी आत गेले.

मॅनेजर पिंजऱ्यात उभा राहिला. कपाळाला भस्म, इस्त्रीचा पांढरा शर्ट. माणूस दिसायला भला होता, आणि मला आजही तो वाईट होता असं म्हणता येणार नाही. मी पावत्यांकडे वळलेच नाही. विचारलं, कारखान्यात खंडेनवमी होते का?

"होते. मी स्वतः करतो. चुकली नाही कधी."

"काट्याची पूजा होते?"

"सगळ्यात आधी काट्याची."

"मग पूजा झाल्यावर, हंगाम आहे, गाड्या उभ्या आहेत, म्हणून काटा चालू करत असाल."

त्याला ते लागलं. त्याच्या तोंडावर मला माझे वडील दिसले, आणि मला क्षणभर आपण करतोय ते बरं नाही असं वाटलं. "कसं चालू करणार?" तो म्हणाला. "दसऱ्याची पूजा होईपर्यंत काट्यावर चाक जात नाही. गाड्या उभ्या राहतात. मालकसुद्धा बोलत नाहीत."

"त्या वर्षीही नाही?"

"कुठल्याच वर्षी नाही."

न्यायाधीशांनी ते उत्तर लिहून घेतलं. कारखान्याचे वकील अर्धे उठले होते, पण हरकत कशाला घ्यावी ते त्यांना कळेना. मग मी लाल ठिपक्याची पावती त्याच्यासमोर ठेवली, आणि शेजारी नारळ फोडतानाचा त्याचा फोटो, तारखेसकट. मोबाइल पक्षकारानं स्वतः पुढे येऊन टेबलावर ठेवला.

त्यानं पावती आणि फोटो दोन्ही हातात घेतले. त्याला खोटं बोलता आलं असतं. त्या एका वर्षी दुपारी चालू केला, असं म्हणता आलं असतं. माझ्याकडे दुपारचा फोटो नव्हता. शेवटी तो हळू म्हणाला, "त्या दिवशी काटा बंद होता."

"मग ही पावती?"

"मला सांगता येणार नाही."

पावत्या कुणी बनवल्या हे मलाही शेवटपर्यंत कळलं नाही. एक पावती पडली तशी तिच्यासारख्याच निघालेल्या बाकीच्याही डळमळल्या, आणि जुना संगणक भंगारात का गेला याचं उत्तर कारखान्याला नीट देता येईना.

निकालाच्या दिवशी सासरे आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. धोतर, टोपी, उंच आणि वाळलेले, हात मात्र मोठे. कंधारहून पहिल्या गाडीनं निघाले होते. सुनेला नमस्कार करू दिला, तोंडानं काही बोलले नाहीत. कोर्टात मागच्या बाकावर बसून राहिले. आदेश झाला: तिला पूर्वीच्या जागी परत घ्यावं, मधल्या काळाचं वेतन द्यावं. कारखान्याचे वकील माझ्याशी हात मिळवून गेले. मी व्हरांड्यात आले तर सासरे समोर उभे.

"वकीलबाई, नौकरी भेटली, बरं झालं," ते म्हणाले. "पण त्या कागदात तिनं लबाडी केली न्हाई असं लिव्हलंय का?"

मी लिहून घेतलेलं वाचून दाखवलं: अर्जदारानं काट्यावर लबाडी केल्याचं सिद्ध होत नाही.

त्यांनी मान हलवली. "सिद्ध होत न्हाई म्हंजे? केली, पण घावली न्हाई, असं?"

एवढं सगळं करून या म्हाताऱ्यानं एका प्रश्नात माझा निकाल उलटा करून माझ्या हातात दिला होता. मला रागही आला आणि हसूही. मी पुढचं वाक्य वाचलं, की सदर पावत्या काट्यावर तयार झालेल्याच दिसत नाहीत. कोर्टाची भाषा अशीच असते, म्हणून समजावून सांगू लागले. ते माझ्याकडे पाहत होते, पण ऐकत नव्हते. मध्येच वळून ते सुनेसमोर उभे राहिले.

"मी तुला कवाच इचारलं न्हाई," ते म्हणाले. "इचारायला पायजे व्हतं."

ती खाली पाहत होती. मग मान वर करून म्हणाली, "आता इचारा, मामा."

व्हरांड्यात माणसांची ये-जा चालू होती, कुणाच्या तरी केसचा पुकारा झाला. त्यांनी टोपी नीट केली.

"केलं व्हतंस का?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.